अर्धे डॉक्टर नकोत, पूर्ण सहाय्यक हवेत

माझ्या धाकट्या बहिणीच्या हातून अब्बांचा खांदा अधू झाला. ज्या कोर्सच्या जोरावर तिने त्या खांद्याला हात लावला, त्या कोर्सची फी मी भरली होती. पंचेचाळीस हजार रुपये, पुण्यातून, ऑनलाइन, एका हप्त्यात. त्यामुळे या लेखात ज्यांच्यावर राग काढणार आहे, त्यांत पहिला नंबर माझा आहे. बहिणीचा नंबर त्यात कुठेच नाही.

आम्ही मिरजेचे. गल्लीगल्लीत दवाखाना असलेलं गाव. कर्नाटकातून लोक इथे उपचाराला येतात. अशा गावात वाढलेल्या मुलीला दवाखान्यात काम करावंसं वाटलं, यात नवल नाही. बारावी तिने आर्ट्समधून केली, कारण जवळच्या कॉलेजात तेवढंच होतं आणि लांबच्या कॉलेजात पाठवायला घरचे तयार नव्हते. मी इंजिनियर झालो तेव्हा घरातल्या सगळ्या बचतीचा हिशोब माझ्या नावावर लागला होता. तिच्या वेळेला उरलं ते एक पत्रक. मोबाइलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या एका संस्थेचं. 'फिजिओथेरपी असिस्टंट डिप्लोमा, सहा महिने, बारावी कोणतीही शाखा, गव्हर्नमेंट रजिस्टर्ड, शंभर टक्के नोकरी.'

तिने मला फोन केला, मी पैसे पाठवले. दहा मिनिटांत विषय संपला. एखादी साधी लायब्ररी सॉफ्टवेअरमध्ये वापरायची तर मी तिचा परवाना, तिचे आधीचे दोष, ती कोण सांभाळतं हे सगळं तपासतो. बहिणीच्या आयुष्याची सहा महिने तपासायला मला दहा मिनिटंही जास्त वाटली.

कोर्समध्ये तिला झेरॉक्सच्या नोट्स मिळाल्या, हाडांचा एक तक्ता दाखवला गेला, दोन-तीन मशिनची बटणं शिकवली गेली. गोठलेल्या खांद्याला कप्पी लावून हात वर कसा खेचायचा, हे एकदा करून दाखवलं. खरा रुग्ण सहा महिन्यांत एकही नाही. शेवटी होलोग्राम लावलेलं सर्टिफिकेट. ते अम्मीने फ्रेम करून बैठकीत लावलं.

दीड वर्षाने अब्बांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर बहिणीने सगळं हातात घेतलं. पंख्याच्या शेजारच्या हुकाला कप्पी अडकवली आणि रोज असरनंतर अब्बांचा उजवा हात दोरीने वर खेचायला सुरुवात केली. न चुकता, तीन आठवडे. अब्बांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. आम्ही एकमेकांना सांगायचो, लकव्यात माणूस असा रडतोच. त्यांना बोलता येत असतं तर पहिल्याच दिवशी त्यांनी 'बस कर' म्हटलं असतं.

खांदा सुजला तेव्हा आम्ही सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी खांद्याच्या हाडाखाली बोट ठेवलं. तिथे खड्डा होता आणि त्यात बोट सरळ आत जात होतं. मग त्यांनी समजावून सांगितलं. खांद्याची खोबण उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोळा तिथे मुख्यतः स्नायूंनी धरून ठेवलेला असतो. लकव्यात ते स्नायूच सैल पडतात, मग हाताच्या वजनानेच गोळा खाली सरकतो. असा हात ओढायचा नसतो. कूस बदलताना दंडाला धरून खेचायचं नसतं, खांद्याच्या फऱ्यामागे हात घालून आधार द्यायचा असतो. बसवल्यावर हाताखाली उशी हवी. आणि वर खेचणारी कप्पी तर अशा खांद्याला मुळीच लावायची नसते.

"व्यायाम कोण घेतं?" त्यांनी विचारलं.

"मी. मी कोर्स केलाय," बहीण म्हणाली.

"कुठल्या कॉलेजातून?"

त्यावर ती काहीच बोलली नाही. बाहेर रिक्षात बसल्यावर मात्र बोलली. "भाई, ये मैंच करी क्या?"

मी "नाही" म्हणालो. पण ते उत्तर अपुरं होतं. पूर्ण उत्तर देण्यासाठी हा लेख आहे.

अमेरिकेतल्या सहाय्यकाला मी ओळखत होतो

आता माझं काम सांगतो. २०१९ पासून पुण्यात बसून मी अमेरिकेतल्या फिजिओथेरपी क्लिनिकसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. तिथे फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट नावाचा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. सगळे त्याला पीटीए म्हणतात. माझ्या कोडमध्ये हा पीटीए पानोपानी आहे.

तिथे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याला मेडिकेअर म्हणतात. पंधरा मिनिटांच्या उपचाराचं एक युनिट लावायचं तर निदान आठ मिनिटं उपचार झालेला असावा लागतो. त्या उपचारातला दहा टक्क्यांहून जास्त भाग सहाय्यकाने दिला असेल, तर बिलावर 'सीक्यू' ही खूण लावावी लागते. १ जानेवारी २०२२ पासून अशा बिलाला ८५ टक्केच पैसे मिळतात. हे सगळे नियम मी स्वतः कोडमध्ये बसवले आहेत. ओहायोतल्या कुणा म्हाताऱ्याच्या गुडघ्याला कुणी हात लावला, तो हात परवानाधारक होता का, किती मिनिटं होता, याची नोंद चुकली तर माझं सॉफ्टवेअर बिल अडवतं. आणि मिरजेत माझ्या बापाच्या खांद्याला कुणी हात लावला, हे अडवणारं कुणीच नव्हतं. मीसुद्धा नव्हतो.

अब्बांच्या खांद्यानंतर मी पहिल्यांदा बिलाच्या पलीकडे पाहिलं. हा पीटीए तयार कसा होतो, ते वाचून काढलं. आमच्या क्लायंटकडच्या दोघी सहाय्यकांना कामाच्या कॉलनंतर विचारलं. ते थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे काय नाही हे त्यातूनच कळतं.

हा व्यवसाय आपोआप उगवलेला नाही. १९६७ साली अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने स्वतः ठरवलं की रुग्ण जास्त आहेत, आपण कमी आहोत, तर आपल्या देखरेखीखाली काम करणारा शिकलेला सहाय्यक तयार करायचा. १९६९ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. शिक्षण साधारण दोन वर्षांचं, बहुतेक ठिकाणी कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे गावातल्या साध्या, परवडणाऱ्या कॉलेजात. कॉलेजच्या अभ्यासक्रमाला मान्यता देणारी संस्था वेगळी. शेवटची राष्ट्रीय परीक्षा घेणारी संस्था वेगळी. आणि परवाना देणारं राज्याचं मंडळ त्याहून वेगळं. शिकवणारा, तपासणारा आणि शिक्का मारणारा एकच माणूस नाही. माझ्या बहिणीच्या संस्थेत ही तिन्ही कामं एकाच खुर्चीवरून होत होती.

अभ्यासाची सुरुवात शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राने होते. मग सांधा किती अंशांत हलतो ते कोनमापकाने मोजायचं. स्नायूची ताकद शून्य ते पाच या श्रेणीत लावायची. रुग्णाला पलंगावरून खुर्चीवर कसं घ्यायचं, कमरेला पट्टा बांधून त्याला कसं चालवायचं, तो कोसळू लागला तर स्वतःची पाठ न मोडता त्याला खाली कसं टेकवायचं. हे सगळं आधी वर्गमित्रांच्या अंगावर, शिक्षकांच्या नजरेखाली. त्यानंतर प्रत्यक्ष रुग्णालयात, सरासरी सोळा आठवडे पूर्णवेळ.

पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते वेगळंच. या शिक्षणाचा मोठा भाग 'काय करायचं नाही' हा आहे. रुग्णाची पहिली तपासणी फिजिओथेरपिस्टने करायची. उपचाराची योजना त्यानेच ठरवायची. सहाय्यकाने ती योजना राबवायची, तिच्या चौकटीत व्यायाम कमी-जास्त करायचा, पण योजना स्वतः बदलायची नाही. रुग्णाची पोटरी अचानक सुजली, लाल झाली, गरम लागली, तर व्यायाम थांबवायचा आणि लगेच कळवायचं, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते. हे थांबणं शिकवलं जातं, परीक्षेत विचारलं जातं, आणि ते चुकलं तर परवाना धोक्यात येतो.

मी विचारलं त्यांतल्या एकीने सांगितलं की पहिल्या सहामाहीत तिला सगळ्यात जड गेलं ते "मला माहीत नाही, थेरपिस्टला विचारते" हे वाक्य न लाजता म्हणायला शिकणं. माझ्या बहिणीला हे वाक्य कुणी शिकवलं नाही. तिला सर्टिफिकेट देऊन उलट शिकवलं गेलं, की आता तुला माहीत आहे.

अमेरिका म्हणजे जन्नत आहे असं मी म्हणत नाही. ८५ टक्क्यांच्या नियमानंतर क्लिनिकवाले सहाय्यकांकडून दिवसाला आणखी रुग्ण काढून घ्यायला बघतात, हे मला माझ्याच स्क्रीनवरच्या आकड्यांत दिसतं. शिक्षणासाठी कर्ज काढलेले कितीतरी आहेत. पण तिथल्या सहाय्यकाच्या हातावर विश्वास ठेवायला काहीतरी आधार आहे. आपल्याकडे तो फक्त होलोग्राम आहे.

दोन हजार तास आणि दोनशे साठ तास

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. २०२१ साली संसदेने राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्यात डॉक्टर आणि नर्स सोडून आरोग्यक्षेत्रातले अनेक व्यवसाय आले, फिजिओथेरपीही आली. त्या कायद्याने एक किमान माप घालून दिलं आहे. 'संलग्न आरोग्य व्यावसायिक' म्हणवून घ्यायचं तर दोन ते चार वर्षांत मिळून कमीत कमी २००० तासांचं शिक्षण हवं. त्याच्या वरच्या पायरीला किमान ३६०० तास.

आता बहिणीच्या कोर्सचा हिशोब करू. दिवसाला दोन तास, आठवड्याला पाच दिवस, सव्वीस आठवडे. एकूण २६० तास. तेही शिक्षक रोज आले असं धरून. अमेरिकेतल्या सहाय्यकाचे नुसते रुग्णालयातले सोळा आठवडे धरले, आठवड्याला चाळीस तासांनी, तर ते ६४० होतात.

आणि 'गव्हर्नमेंट रजिस्टर्ड' म्हणजे काय? नंतर मी तपासलं. नोंदणी होती ती त्या संस्थेची, कोर्सची नव्हती. चार माणसं एकत्र येऊन क्रिकेट मंडळाचीही अशी नोंदणी करू शकतात. खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं. फसवलं होतं ते खऱ्या शब्दांनी. म्हणूनच पोलिसात जाऊन सांगायचं काय, हा प्रश्न पडला आणि आम्ही गेलो नाही. ही आमची आणखी एक चूक.

पण दोष या दोन खोल्यांच्या दुकानदारांचाच आहे का? ते रिकाम्या जागेत घुसले आहेत. ती जागा रिकामी कुणी ठेवली, हा खरा प्रश्न आहे.

नर्सिंगकडे बघा. तिथे जिना आहे. एएनएम, जीएनएम, मग बीएस्सी नर्सिंग. प्रत्येक पायरीला अभ्यासक्रम आहे, परिषद आहे, नोंदवही आहे. खालच्या पायरीवरची मुलगी शिकत शिकत वर जाऊ शकते. फिजिओथेरपीत मात्र एकदम वरची पायरी आहे. बारावी सायन्स, नीट, मग साडेचार-पाच वर्षांची पदवी. ती हवीच, त्यात तडजोड नको. पण त्या पायरीखाली कायद्याने ओळखलेला, परीक्षा देऊन परवाना घेतलेला सहाय्यक आपल्याकडे नाही. जागतिक कामगार संघटनेच्या व्यवसायांच्या वर्गीकरणात फिजिओथेरपिस्टचा क्रमांक २२६४ आहे आणि फिजिओथेरपी तंत्रज्ञ व सहाय्यकांचा वेगळा, ३२५५. जगाच्या यादीत या कामाला क्रमांक आहे. आपल्या गावात या कामाला 'पोरगी ठेवलीय मशीन लावायला' एवढंच नाव आहे.

ती पोरगी प्रत्येक गावात आहे. क्लिनिकमध्ये पॅड चिकटवते, दिवा लावते, म्हाताऱ्यांना उभं करते. तिला शिकवलेलं नाही, पगार तुटपुंजा आहे, आणि काही चुकलं तर दोष मात्र तिचा.

आपली हातांची लाज

आता आपल्या घरात येऊ. हे मासिक वाचणारे तुम्ही माझ्याच वयाचे किंवा माझ्याहून लहान. त्यामुळे स्पष्ट बोलतो.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात नोंद आहे की मुसलमान कामगारांत स्वतःच्या हिमतीवर, स्वतःचा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. आपण हातांची माणसं आहोत. मेकॅनिक, शिंपी, विणकर, सुतार, वेल्डर. माझ्या अब्बांनी चाळीस वर्षं गॅरेज चालवलं. इंजिनावर हात ठेवून बिघाड सांगायचे. आणि अशा घरांत मुलांना पहिली गोष्ट कोणती शिकवली जाते? 'हात काळे करू नको.' मुलगा इंजिनियर नाहीतर डॉक्टर. मुलगी असेल तर तिच्यासाठी लग्नापर्यंत वेळ घालवेल असा एखादा कोर्स. ज्या घरात बहिणीच्या शिक्षणाकडे वेळ घालवायचं साधन म्हणून बघतात, तिथे दोन खोल्यांच्या संस्थेला गिऱ्हाईक तयारच असतं. आमच्या घरात होतं.

बहिणीने कोर्स केला तेव्हा एक स्थळ आलं होतं. मुलाच्या खालाने विचारलं, "म्हणजे लोकांचे पाय दाबते का?" बैठकीतले सगळे हसले. मीही हसलो. पुण्यात स्क्रीनसमोर बसून दुसऱ्यांची बिलं करणारा मी इज्जतदार, आणि पडलेल्या माणसाला उभं करायला निघालेली माझी बहीण 'पाय दाबणारी'. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

या कामाची सगळ्यात जास्त गरज तर आपल्याच मोहल्ल्यात आहे. गुडघा बदललेली, लकवा झालेली, बाळंतपणानंतर कंबर धरलेली बाई पुरुषाला हात लावू देत नाही. कधी तिची स्वतःची ना असते, कधी घरच्यांची. मी त्या बाईला दोष देणार नाही. स्वतःच्या अंगाला कुणी हात लावायचा हे ठरवायचा हक्क तिचा आहे. पण तेच घर स्वतःच्या मुलीला हे काम शिकू देत नाही, हे कसं चालेल? बायकांवर बायकांनीच उपचार करावेत असं म्हणायचं आणि उपचार करणाऱ्या बायका तयार होऊ द्यायच्या नाहीत. मग ती बाई खाटेवर पडून राहते आणि घरचे म्हणतात, अल्लाची मर्जी. ती मर्जी अल्लाची नाही, आपली आहे.

पडद्याची अडचण खरी आहे आणि तिच्यावर तोडगेही आहेत. अमेरिकेतल्या या शिक्षणात सुरुवातीलाच शिकवतात की रुग्णाला चादरीने झाकून फक्त लागेल तेवढाच भाग उघडा करायचा, आधी विचारायचं, मगच हात लावायचा. वर्गात एकमेकांवर सराव करावा लागतो. तेव्हा हिजाब घालणाऱ्या विद्यार्थिनीला मुलगीच जोडीदार द्यायची, मध्ये पडदा लावायचा, अशी व्यवस्था मागून घेता येते. आपल्या कॉलेजांतही ती मागता येईल. घरी बसणं हा तोडगा नाही.

ज्यांना धर्माचा दाखला हवा त्यांना रुफैदा अल-असलमिया यांची आठवण करून देतो. मदिनेत, पैगंबरांच्या मशिदीच्या आवारात त्यांचा तंबू होता आणि खंदकाच्या लढाईतल्या जखमींची शुश्रूषा त्यात झाली, असं परंपरा सांगते. त्यांना कुणी 'पाय दाबणारी' म्हटल्याची नोंद नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप फिजिओथेरपिस्टांचा. ते म्हणतात, आम्ही पाच वर्षं घासून शिकायचं आणि दोन वर्षांचा सहाय्यक उद्या स्वतःचं क्लिनिक काढून बसणार. ही भीती खोटी नाही. पण आज काय चाललंय? सहा महिन्यांवाला आजच बोर्ड लावून बसला आहे. सहाय्यकाला परवाना देणं म्हणजे त्याला हद्द घालून देणं. परवाना असेल तर तो काढून घेता येतो. होलोग्राम कुणी काढून घेत नाही. १९६७ साली अमेरिकेत ही पायरी फिजिओथेरपिस्टांनी स्वतः उभी केली, कारण त्यांना कळलं होतं की आपण नाही केलं तर दुसरं कुणीतरी करेल आणि वाईट करेल.

दुसरा आक्षेप आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा. 'नमाज हाच सर्वात मोठा व्यायाम, फिजिओथेरपीची गरज काय?' नमाज इबादत आहे. तिला औषधाच्या दुकानात उभं करू नका. आणि ज्याला सजद्यात वाकताच येत नाही, त्याला हा मेसेज पाठवून तुम्ही काय देता? अब्बा आज खुर्चीवर बसून नमाज पढतात. तिथवर त्यांना त्या सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी आणलं, फॉरवर्डने नाही. हेच मी दोन दिवसांच्या शिबिरानंतर उघडलेल्या हिजामा सेंटरबद्दल आणि तालमीतल्या हाड बसवणाऱ्या पैलवानाबद्दल म्हणेन. श्रद्धा तुमची, हात तुमचा, पण सांधा दुसऱ्याचा आहे.

तिसरा आक्षेप पगाराचा. 'एवढं शिकून मिळणार किती?' आज फार नाही, हे खरं. पण पगार कमी आहे कारण काम ओळखलेलं नाही. अमेरिकेत याच कामाला वर्षाला साठ हजार डॉलरहून जास्त मधला पगार आहे, कारण तिथे परवाना नसलेला माणूस त्या जागी बसवता येत नाही. शिवाय माझ्या धंद्यात सध्या काय चाललंय ते तुम्ही बघताच. मी लिहितो तो कोड उद्या मशीन लिहील. पडणाऱ्या म्हाताऱ्याच्या कमरेचा पट्टा धरायला मात्र माणूसच लागेल.

मग करायचं काय?

ज्यांना शिकायचंय त्यांनी पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारावेत. हा कोर्स कोणत्या कायद्याखाली, कोणत्या परिषदेने किंवा विद्यापीठाने मान्य केलाय, ते कागदावर दाखवा. एकूण तास किती? रुग्णांवर सराव कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली? शेवटची परीक्षा तुमच्याशिवाय आणखी कोण घेतं? एकाही प्रश्नाला 'आधी अॅडमिशन घ्या, मग बघू' असं उत्तर आलं तर उठून चालू लागा. सायन्स असेल तर नीट देऊन पदवीलाच जा. नसेल तर नर्सिंगचा जिना आहे. आणि घरचा कोणी आजारी असेल, तर तुमच्याकडे कसलंही सर्टिफिकेट असो, तपासणी नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या.

आपल्या ट्रस्टना आणि जमातींना एक सांगणं आहे. तुमच्या शिष्यवृत्तीच्या जाहिरातीत 'एमबीबीएस, बीई' याच्याखाली आणखी दोन ओळी लिहा, फिजिओथेरपी आणि नर्सिंग. दरवर्षी मोहल्ल्यातल्या पाच मुलींना अकरावीला सायन्स घेऊन द्या. लांबच्या कॉलेजचा बसचा पास काढून द्या. पंचेचाळीस हजारांत माझ्या बहिणीचा दोन वर्षांचा पास निघाला असता.

आणि सरकारकडे मागणी. नव्या कायद्याखाली फिजिओथेरपी सहाय्यकाची पायरी तयार करा. दोन हजार तास, सरकारी रुग्णालयात सराव, राज्याची परीक्षा, नोंदवही, ठरवून दिलेली हद्द, आणि पुढे पदवीला जाण्याची वाट. ती पायरी होईपर्यंत 'असिस्टंट डिप्लोमा' विकणाऱ्या खोल्यांवर बंदी. मुंबईत हाजी अलीच्या दर्ग्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था उभी आहे. दर्ग्यात दुवा मागायला जाणाऱ्या कितीजणांना तिचं नाव माहीत आहे? आपण मागितलंच नाही, हेही आपलं पाप आहे.

अब्बांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही आणि आता जाणारही नाही. काठी घेऊन ते दारापर्यंत चालतात. ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी तो खड्डा दाखवला, त्यांनी पुढच्या दोन भेटींत बहिणीला आधार कसा द्यायचा, कूस कशी बदलायची हे शिकवलं. एकदा दाखवलं की तिला जमायचं. तिसऱ्या वेळी त्या मला म्हणाल्या, "हिचे हात चांगले आहेत हो. शिकवलं नाही कुणी."

बहीण आता जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बैठकीतली ती फ्रेम तिने स्वतः काढली. अम्मी म्हणाली, भिंतीवर डाग दिसतो, दुसरं काहीतरी लाव. बहिणीने अजून काही लावलेलं नाही. म्हणते, आता नोंदवहीतला नंबर मिळेल तेव्हाच लावीन.